तासगावच्या घरी राउटरवरच व्हीपीएन टाकलाय, पण टीव्ही अडकतो, बँकेचं ॲप उघडत नाही आणि लाइट गेली की नेट परत येत नाही

तासगावकर_हिंजवडीत:

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी आहे पण सगळं एकदाच सांगतो. आईबाबा तासगावला असतात, मी पुण्यात. घरी १०० एमबीपीएसचं फायबर आहे. मध्यंतरी बाबांना केवायसीचा फोन आला, लिंक आली, बाबांनी ती उघडलीपण, नशीब की ओटीपी सांगायच्या आत आईने हातातून फोन काढून घेतला. त्या रात्री मला झोप लागली नाही. मग कुठेतरी वाचलं की राउटरवरच व्हीपीएन (नेटचा सगळा ट्रॅफिक झाकून दुसऱ्या सर्व्हरवरून नेणारी सेवा) टाकला की घरातले सगळे मोबाइल, टीव्ही एकदम सुरक्षित होतात, प्रत्येकाच्या फोनवर वेगळं ॲप नको, म्हणून दिवाळीला घरी गेलो तेव्हा एका व्हीपीएनचं वर्षाचं पॅक घेतलं, त्यांच्या साइटवरून ओपनव्हीपीएन या व्हीपीएन सॉफ्टवेअरची फाइल उतरवली आणि राउटरमध्ये व्हीपीएन क्लायंट म्हणून जे पान आहे तिथे चढवली. सर्व्हर भारतातलाच निवडला. लगेच कनेक्ट झालं, मला वाटलं झालं काम.

आता तीन गोष्टी व्हायला लागल्यात. आधी स्पीड ९४ यायचा, आता १३-१४ च्या वर जात नाही, आईची मालिका चालू असताना बाबांनी मोबाइल हातात घेतला की टीव्हीवर गोल फिरत बसतं. बाबांचं बँकेचं ॲप कधी उघडतं, कधी सरळ सांगतं की व्हीपीएन बंद करा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लाइट गेली आणि आली की नेट येतच नाही, वायफाय फुल दाखवतो पण काही उघडत नाही, मग बाबा मला फोन करतात आणि मी मीटिंगमधून त्यांना सांगतो की ब्राउझर उघडा, एकशे ब्याण्णव टाइप करा, टिंब, एकशे अडुसष्ट... बाबा ७१ वर्षांचे आहेत, चष्मा शोधण्यापासून सुरुवात असते. गेल्या आठवड्यात असं तीनदा झालं.

आणखी एक. बागेतल्या शेडवर आणि घरासमोर मिळून चार कॅमेरे आहेत, रेकॉर्डिंगचा डबा हॉलमध्ये आहे. ते मला पुण्यातून बघता यावेत असंपण डोक्यात होतं, वाटलं होतं व्हीपीएन टाकला की तेही होईल. झालं नाही. कॅमेरेवाला म्हणाला पोर्ट फॉरवर्ड, म्हणजे बाहेरून राउटरमधून थेट कॅमेऱ्यापर्यंत वाट, करून देतो, त्याने केलं, तेही चाललं नाही. राउटर बदलू का? की व्हीपीएन कंपनी बदलू?

---

आर्मवाला:

राउटर कोणता ते लिहिलं नाहीस, पण १३-१४ चा आकडा बघून सांगतो की प्रोसेसर दमतोय, लाइनचा दोष नाही. ओपनव्हीपीएन २००१ पासूनचं आहे, भरवशाचं आहे, पण ते चालतं यूजरस्पेसमध्ये, म्हणजे साध्या प्रोग्रॅमसारखं, त्यामुळे प्रत्येक पॅकेट कर्नलमधून (सिस्टिमच्या गाभ्यातून) वर जातं, तिथे एन्क्रिप्ट होतं आणि परत खाली येतं, आणि हे सगळं एकाच कोअरवर. तुझ्या लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये एईएस या एन्क्रिप्शनसाठी वेगळ्या सूचना असतात म्हणून तिथे काही जाणवत नाही. स्वस्त राउटरमध्ये ७००-८०० मेगाहर्ट्झचा मिप्स प्रोसेसर असतो, त्यात तसलं काही नसतं, तो बिचारा सगळं गणित हाताने केल्यासारखं करतो. त्यामुळे १०-२० च्या आसपास अडकणं अगदी नेहमीचं आहे.

वायरगार्ड हे दुसरं व्हीपीएन सॉफ्टवेअर वापर. ते २०२० च्या मार्चमध्ये लिनक्स कर्नल ५.६ मध्येच आलं, त्यामुळे पॅकेट वरखाली नाचवायला लागत नाहीत, आणि त्यात एईएसऐवजी चाचा२० नावाचा सायफर आहे जो अशा साध्या प्रोसेसरवरपण हलका पडतो. त्याच राउटरवर कितीतरी पट स्पीड मिळेल. कंपनीच्या फर्मवेअरमध्ये (राउटरमधल्या सॉफ्टवेअरमध्ये) वायरगार्ड नसेल तर त्याजागी ओपनडब्ल्यूआरटी हे फुकट फर्मवेअर चढव, फक्त त्यांच्या साइटवर हार्डवेअरचं जे टेबल आहे तिथे मॉडेलबरोबर व्हर्जनपण बघ. डब्याखाली स्टिकरवर व्ही१, व्ही३ असं लिहिलेलं असतं, नाव एकच असतं आणि आत चिप वेगळी निघते, इथेच लोक राउटर ब्रिक, म्हणजे निकामी, करतात. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमवाला जुना डबा असेल तर त्या वाटेला जाऊच नकोस, आताची व्हर्जनं त्यात मावत नाहीत.

---

निवृत्त_एक्स्चेंजवाले:

तासगावकर, आधी एक विचारतो, राग मानू नकोस. तुला व्हीपीएन नक्की कशासाठी पाहिजे? कारण तुझ्या पोस्टमध्ये दोन वेगवेगळी कामं एकाच नावाखाली आलीत आणि आर्मवाला यांनी सांगितलं ते सगळं बरोबर असलं तरी तू उद्या वायरगार्ड टाकून ९० चा स्पीड आणलास तरी तुझी दोन्ही कामं होणार नाहीत.

पहिलं काम बाबांचं. त्यांना जो फोन आला तो भामटा माणूस होता, त्याने लिंक दिली, बाबांनी ती उघडली. व्हीपीएन काय करतो, तर तुझ्या घरापासून व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरपर्यंतचा रस्ता झाकतो. भामट्याची लिंक त्या झाकलेल्या रस्त्यानेपण तितकीच व्यवस्थित उघडते, आणि ओटीपी बाबांनी तोंडाने सांगितला तर त्यात नेटचा संबंधच उरत नाही. बँकेचं ॲप तसंही एचटीटीपीएसवर चालतं, म्हणजे नेटवाल्याला फार तर हे कळतं की तुम्ही अमुक बँकेशी बोलताय, काय बोलताय ते कळत नाही. आता तेवढं नेटवाल्याऐवजी व्हीपीएन कंपनीला कळतं. विश्वास एकाकडून काढून दुसऱ्याकडे ठेवला, एवढाच बदल.

बाबांसाठी करायचं असेल तर राउटरच्या डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) ९.९.९.९ टाक. ती क्वाड९ नावाची फुकट सेवा आहे, फसवणुकीच्या म्हणून माहीत झालेल्या साइट ती उघडूच देत नाही. सगळ्या पकडेल असं नाही, पण बऱ्याच अडवते आणि स्पीडला काही होत नाही. आणि १९३० हा सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून टीव्हीशेजारी चिकटव, पैसे गेले तर पहिल्या तासाभरात तिथे फोन जायला पाहिजे, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतात. माझ्या थोरल्या भावाच्या बाबतीत आम्ही दुसऱ्या दिवशी फोन केला होता. तो एक दिवस मला अजून टोचतो, म्हणून इतकं लिहितोय.

आता "भारतातला सर्व्हर" बद्दल. सर्ट-इनने, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढला की व्हीपीएन आणि व्हीपीएसवाल्यांनी (भाड्याने सर्व्हर देणाऱ्यांनी) ग्राहकाचं नाव, पत्ता, दिलेला आयपी वगैरे नोंदी पाच वर्षं ठेवायच्या. तो त्याच वर्षी २५ सप्टेंबरपासून लागू झाला. त्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन अशा बऱ्याच जणांनी आपले इथले सर्व्हर काढून घेतले, काहींनी भारताचा आयपी देणारे सर्व्हर सिंगापूरला किंवा युरोपात ठेवले. तुझी कंपनी त्यातली असेल तर आईची मालिका तासगावहून सिंगापूरला जाऊन परत तासगावला येतेय. आणि त्या एका आयपीवर हजारो लोक असतात, म्हणून बँकेला तो संशयास्पद वाटतो. व्हीपीएन वापरणं भारतात गुन्हा नाही, ती काळजी नको, पण बँकेने नको म्हणणं हे त्यांच्या बाजूने बरोबरच आहे.

---

तासगावकर_हिंजवडीत:

काका राग कसला, उलट हेच कोणीतरी दोन महिन्यांपूर्वी सांगायला पाहिजे होतं. म्हणजे मी बाबांना ज्याच्यापासून वाचवायला निघालो होतो त्याला हे औषधच नव्हतं. डीएनएस आत्ताच बाबांना फोनवर सांगून बदलून घेतला, कागद आई लिहून लावतेय.

मग राहिले कॅमेरे. त्यासाठी व्हीपीएन लागतो की नाही?

---

सीजीनॅटने_त्रस्त:

लागतो, पण उलट्या दिशेचा. तू जो विकत घेतलास त्यात तुझं घर क्लायंट होतं आणि बाहेर जातं. तुला पाहिजे की तू बाहेर आहेस आणि घरात शिरायचंय, म्हणजे घर सर्व्हर पाहिजे. मासिक पॅकवाल्या व्हीपीएनने हे सहसा होत नाही, ती वस्तूच वेगळी आहे, नाव तेवढं एक.

आणि कॅमेरेवाल्याचं पोर्ट फॉरवर्ड का चाललं नाही ते सांगतो, राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, आयपी बघ. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यातला असेल तर तू सीजीनॅटच्या मागे आहेस, म्हणजे आयपीव्ही४ चे पत्ते पुरत नाहीत म्हणून नेटवाल्याने शेकडो घरं मिळून एकच पब्लिक आयपी वापरलाय, बाहेरून आलेला माणूस त्या आयपीपर्यंत येतो पण तुझं घर कोणतं ते त्याला कळत नाही, तू तुझ्या राउटरवर कितीही पोर्ट उघड, पुढचं दार तुझ्या हातात नाहीये. १० किंवा १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुतेक (१० चा पट्टा काही नेटवाले सीजीनॅटलाही वापरतात) नेटवाल्याचा फायबरचा डबा स्वतःच राउटिंग करतोय आणि तुझा राउटर त्याच्या मागे आहे, मग तेच त्या डब्यावर जाऊन बघावं लागेल.

खरं तर ते चाललं नाही हे बरं झालं. कॅमेऱ्याचा डबा थेट इंटरनेटला कधीच उघडा करू नये. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने हेच केलं होतं, कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर (रेकॉर्डिंगचे डबे) गोळा केले आणि २१ ऑक्टोबरला डाइन (Dyn) कंपनीच्या डीएनएसवर हल्ला चढवला, त्या दिवशी अमेरिकेत मोठमोठ्या साइट बंद पडल्या. त्यातले कॅमेरे असेच कुणाच्या तरी घरातले, दुकानातले होते. कॅमेरेवाल्याला सांगून ते फॉरवर्ड आधी काढायला लाव आणि पासवर्ड बदल.

रस्ते असे की नेटवाल्याकडून स्टॅटिक आयपी (फक्त तुझा, न बदलणारा) घे, त्याचे पैसे वेगळे पडतात. नाहीतर आयपीव्ही६ मिळतोय का बघ, तो मिळत असेल तर नॅटची, म्हणजे एक आयपी वाटून घ्यायची, भानगडच नाही, फायरवॉलमध्ये वायरगार्डचं एक यूडीपी पोर्ट उघडायचं, ५१८२० नेहमी वापरतात, आणि पत्ता बदलत राहतो म्हणून डायनॅमिक डीएनएस (बदलत्या पत्त्याला एकच नाव देणारी सेवा) लावायचा. पण मग तू ज्या नेटवर बसलायस तिथेही आयपीव्ही६ पाहिजे, ऑफिसच्या वायफायवर बहुतेक नसतं. नाहीतर टेलस्केल, तेही आत वायरगार्डच आहे, सीजीनॅटमधूनपण स्वतः वाट काढतं, फक्त छोट्या राउटरच्या फ्लॅशमध्ये मावत नाही, रास्पबेरी पाय किंवा घरातला एखादा जुना लॅपटॉप चालू ठेवावा लागतो. आणि मी जे केलंय ते म्हणजे मुंबईतला एक छोटा व्हीपीएस, म्हणजे सर्व्हर, भाड्याने घेतलाय, महिन्याला काहीशे रुपये, घरचा राउटर आतून त्याला जोडलेला राहतो आणि माझा फोनपण त्यालाच जोडतो, दोघांची गाठ तिथे पडते. राउटर स्वतःहून बाहेर जातोय त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही, फक्त कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारं छोटं पॅकेट) २५ सेकंद ठेव, नाहीतर नॅट ती जोडणी विसरून जातं.

एक महत्त्वाचं. पुण्यातल्या घरचं नेटवर्क १९२.१६८.१ आणि तासगावचंही १९२.१६८.१ असेल तर टनेल (व्हीपीएनची जोडणी) हिरवा दाखवेल आणि कॅमेरा दिसणार नाही, कारण फोनला वाटणार हा पत्ता इथेच शेजारी आहे. मी यात पूर्ण एक रविवार घालवला. तासगावचं बदलून १९२.१६८.४७ वगैरे काहीतरी वेगळं कर. आणि फोनवर अलाउड आयपीजमध्ये (टनेलमधून जायचे पत्ते) फक्त ती रेंज आणि टनेलची रेंज टाक, ०.०.०.०/० टाकू नकोस, म्हणजे तुझं यूपीआय वगैरे नेहमीच्या रस्त्याने जाईल.

---

शारजावाला:

मध्येच विचारतो, मी शारजात असतो, घरचे नाशिकला. इथे व्हॉट्सॲपचा कॉल लागत नाही, मेसेज फक्त जातात. नाशिकच्या राउटरवर असा सर्व्हर केला आणि इथला राउटर त्याला जोडला तर आईशी व्हिडिओ कॉल करता येईल ना? मित्र म्हणतो सगळेच करतात.

---

निवृत्त_एक्स्चेंजवाले:

तांत्रिकदृष्ट्या येईल. पण करू नकोस. यूएईच्या २०२१ च्या सायबर कायद्यात, ३४ नंबरचा, कलम १० असं आहे की गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी दुसऱ्याचा आयपी पत्ता वापरला तर कैद आणि ५ लाख ते २० लाख दिरहम दंड, दोन्हीपैकी एक किंवा दोन्ही. ऑफिसच्या कामाला कंपनीचा व्हीपीएन वापरणं वेगळं, तिथे बंद असलेली सेवा उघडायला वापरणं वेगळं. सगळे करतात हे तुझा व्हिसा वाचवायला पुढे येणार नाही. तिथे परवानगी असलेली कॉलिंग ॲप्स आहेत, त्यातलं एक आईच्या फोनवर टाकून दे, एकदा शिकवावं लागेल एवढंच.

---

आर्मवाला:

लाइटचा प्रश्न कोणी घेतलाच नाही आणि माझ्या मते मूळ दुखणं तेच आहे, कारण स्पीड कमी असला तर आईबाबा सहन करतील पण नेटच गेलं तर बाबांना फोन करावाच लागतो.

राउटरमध्ये घड्याळाला बॅटरी नसते. लाइट गेली की तो वेळ विसरतो, चालू होताना एखादी जुनी तारीख धरून उठतो, काही राउटर १९७० मध्येच उठतात. मग एनटीपीने इंटरनेटवरून वेळ विचारतो. आता तू सगळं नेट व्हीपीएनमधून लावलंयस, म्हणजे वेळ विचारायला व्हीपीएन पाहिजे, आणि ओपनव्हीपीएन सर्टिफिकेट तपासताना म्हणतं की हे सर्टिफिकेट तर अजून सुरूच झालेलं नाही, कारण राउटरच्या घड्याळात जुनी तारीख आहे. वेळेशिवाय टनेल नाही आणि टनेलशिवाय वेळ नाही. वायफाय फुल दिसतो आणि काही उघडत नाही, तू सांगितलंस ते याच्याशी तंतोतंत जुळतं. त्यात किल स्विच लावलेला असेल तर व्हीपीएन नसताना नेट बाहेर जाऊच द्यायचं नाही असा हुकूम असतो. पत्रकाराला, ज्याला आपला आयपी एक क्षणही उघडा पडू द्यायचा नाही त्याला तो लागतो, तुझ्या घरी त्याचा काही उपयोग नाही.

वायरगार्डवर गेलास तरी हे पूर्ण सुटत नाही हे लक्षात घे. त्यात सर्टिफिकेट नसतं, पण हँडशेकमध्ये (जोडणीच्या सुरुवातीच्या ओळखीत) वेळेचा शिक्का असतो आणि समोरचा शेवटचा शिक्का लक्षात ठेवतो, त्यापेक्षा जुना आला की तो गप्प फेकून देतो. कोणीतरी जुनं पॅकेट पकडून परत पाठवू नये म्हणून ते मुद्दाम तसं केलंय. राउटर मागच्या वेळेत उठला की व्हीपीएस त्याला उत्तरच देत नाही. म्हणून राउटरचा स्वतःचा ट्रॅफिक, निदान एनटीपी, टनेलच्या बाहेरून जाऊ दे, वेळ आली की टनेल आपोआप उठतो.

दुसरी गोष्ट, राउटर मिनिटभरात उठतो पण फायबरच्या डब्याला लाइन पकडायला वेळ लागतो. वायरगार्ड सुरू होताना एकदाच सर्व्हरचं नाव विचारतं, तेव्हा नेट नसलं की अडकतं. व्हीपीएसचा आयपी आकड्यातच लिही, नाव नको. नावच ठेवायचं असेल तर ओपनडब्ल्यूआरटीमध्ये वायरगार्ड वॉचडॉग नावाची स्क्रिप्ट येते ती क्रॉनमध्ये (ठरावीक वेळेला कामं चालवणारी सोय) दर मिनिटाला लावून दे.

तिसरी, १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस घे. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही त्यावर चालतील असा बघ, दोन्हीच्या ॲडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचून मगच, कारण काही डबे ९ व्होल्टचेपण असतात. अर्ध्या-पाऊण तासाची लाइट गेली तर राउटर बंदच होणार नाही.

---

तासगावकर_हिंजवडीत:

उशिरा अपडेट देतोय, मध्ये दोन वीकएंड गावी जाऊन आलो. ऐका.

विकतच्या व्हीपीएनची फाइल राउटरमधून काढली, पॅकचे उरलेले महिने तसेच सोडले. राउटर ओपनडब्ल्यूआरटीला चालणारा निघाला, १६ एमबी फ्लॅश, १२८ एमबी रॅम, स्टिकर तीनदा वाचून मग फर्मवेअर चढवलं. वॅनचा आयपी १००.७० काहीतरी होता म्हणजे सीजीनॅटच. आयपीव्ही६ आमच्या नेटवाल्याकडे नाही. म्हणून मुंबईचा व्हीपीएस घेतला, घराचं नेटवर्क १९२.१६८.४७ केलं, टनेलमध्ये फक्त कॅमेऱ्याचा डबा, बाकी सगळं घर सरळ नेटवर. टीव्हीला परत ९० च्या वर मिळतंय, बाबांचं बँकेचं ॲप एकदाही तक्रार करत नाही.

एकच जागी अडकलो होतो, कॅमेऱ्याची यादी दिसायची पण व्हिडिओ सुरू झाला की काळा पडदा. दोन तास गेले. मग एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार, कमी करून बघितलं आणि लगेच चित्र आलं. याचं कारण कोणी सांगेल का, मला हे नुसतं चाललं म्हणून सोडून द्यायचं नाहीये.

लाइटचं पण सांगतो. यूपीएस लावलाय, पण मुद्दाम त्याचीही पिन काढून बघितलं, वीस मिनिटं थांबलो आणि परत लावली. बाबा बाजूला उभे होते. चार-पाच मिनिटांत कोणी काही न करता शेडचा कॅमेरा माझ्या फोनवर आला, बाबा म्हणाले आता मला ते एकशे ब्याण्णव पाठ करायला नको ना.

---

सीजीनॅटने_त्रस्त:

वा, मस्त काम केलंस. एमटीयूचं असं की इथरनेटवर पॅकेट १५०० बाइटचं, वायरगार्ड आपलं वेष्टण धरून १४२० ठेवतं. पण घरापासून व्हीपीएसपर्यंत किंवा तिथून फोनपर्यंत वाटेत कुठेतरी ही मर्यादा १५०० पेक्षा कमी असणार, आणि तुझ्या राउटरला हे माहीतच नसतं. यादी छोट्या पॅकेटमध्ये मावते म्हणून दिसते, व्हिडिओची पॅकेटं पूर्ण भरलेली असतात, ती वाटेत पडतात. ज्या आकड्याला चित्र आलं तोच ठेव, दोन्ही टोकांना. फोनवरच्या वायरगार्डमध्येपण तोच टाक, मोबाइल नेटवर कधीकधी त्याहून कमी लागतो, मग १२८० करून बघ.